कोळशाच्या फाटकापाशी कोण उभं होतं

बस इथं. पायरी कोरडी आहे, मघाशी मीच पुसलीय. खालच्या मजल्यावर तू नवा आलायस ना, तीन आठवडे झाले असतील, आणि अजून कुणी तुला या गल्लीची एकही भानगड सांगितलेली नाही. म्हणजे आमची माणसं सुधारली तरी किंवा मेली तरी. मी सांगतो तुला एक. शंभर वर्षांवरची आहे पण शिळी नाही, तिचा शेवट आज व्हायचाय, झाला तर. तो समोर हिरवा ट्रक दिसतोय? त्यात ती दोन माणसं समोरच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावरचं सामान भरतायत. सोफा गेला, आरसा गेला, आता खोकी चाललीयत. गादी शेवटी येते नेहमी. तेवढा वेळ आहे माझ्याकडे. तिथली वरची बाई आज अ‍ॅरिझोनाला लेकीकडे चालली, गुडघ्यांना तिथली हवा बरी म्हणतात. डीलिया गेरॅटी. लग्नानंतरचं नाव वेगळं होतं, पण या गल्लीत ते कुणी तोंडात घेतलं नाही. मला तिला एक वाक्य सांगायचंय. लहानसं आहे, एका दमात म्हणता येईल. नऊ दिवस झाले, रोज मी ते तोंडात घेऊन घरातून निघतो, या पायरीपर्यंत येतो, आणि इथं बसून गिळतो.

मी लिओ क्विल्टी. एक्केचाळीस वर्षं बॉयलर दुरुस्त केले, या फॉल रिव्हर शहरातलं एक तळघर नसेल जिथं मी डोकं आपटलं नाही. शाळा दहावीतच सोडली, म्हणजे तिनं मला सोडलं, आमचं दोघांचं त्यावर एकमत होतं. तर सांगायचं काय, आमच्या घरात एक घड्याळ होतं. लाकडी, भिंतीवरच्या फळीवर ठेवायचं, वर पितळेची कमान. माझ्या आजोबांच्या बापाचं. मॅलकी क्विल्टी, मेयो या आयरिश परगण्यातून वीस वर्षांचा इथं उतरला, खिशात एक बटाटा होता म्हणतात, पण इथं सगळ्यांच्याच पणजोबांच्या खिशात एक बटाटा होता, तेव्हा तो सोडून दे. मॅलकी मिलमध्ये साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात लागला, बारा माग सांभाळायचा, आणि हे घड्याळ त्याला मिलनं चांगल्या कामाबद्दल दिलं. असं आम्ही म्हणायचो. आमच्या घरात मुलाचा दात पडला, बाप्तिस्मा झाला, कुणी मेलं, सगळं त्या घड्याळाच्या वेळेनं. बाप सांगायचा, हे घड्याळ कष्टाचं आहे, याच्यासमोर खोटं बोलू नये. मी खोटं बोलायला स्वयंपाकघरात जायचो.

ते यंदा मार्चमध्ये बंद पडलं. मी बॉयलर उघडतो, घड्याळ उघडत नाही, तेव्हा म्हाताऱ्या घड्याळवाल्या पेल्तिएकडे नेलं. फ्रेंच माणूस, डोळ्याला भिंग लावून जन्मला असावा. त्यानं मागची पट्टी काढली, तिच्या आत आणखी एक पातळ पट्टी, ती कुणी कधी काढलीच नव्हती, स्क्रूंवर रंग तसाच होता. ती काढली आणि तो थांबला. म्हणाला, लिओ, तुला वाचता येतं ना? मी म्हटलं, ठळक असेल तर. त्यानं भिंग माझ्या हातात दिलं. पितळेवर कोरलेलं होतं, बारीक, सुबक, जसं लग्नाच्या अंगठीत कोरतात तसं. संपाच्या काळात इमानानं कामावर आलेल्या एम. क्विल्टी यास, कंपनीकडून कृतज्ञतेनं. मी ते दोनदा वाचलं. भिंगातून ती अक्षरं जवळ यायची आणि हात हलला की पोहत लांब जायची. मला पहिली जाणीव काय झाली सांगू? भूक लागली. सकाळी अंडी खाऊन निघालो होतो आणि पोटात एकदम खड्डा. मग कानात असा दाब, बॉयलरची वाफ कुठंतरी कोंडली की तळघरात असतो तसा, आवाज येत नाही पण दातांना कळतं.  पेल्तिएचे लोक त्या संपात नव्हतेच, त्यांना काय. पण इथं जन्मलेल्या माणसाला संपफोड्या या शब्दाचा अर्थ आईच्या दुधाबरोबर समजतो. त्यानं पट्टी परत बसवली, स्क्रू पिळले, आणि घड्याळ चालू न करताच एका बाजूला ठेवलं. मी ते आणायला अजून गेलो नाही.

तुला कळलं नसेल यात एवढं काय. सांगतो. संपफोड्या आमच्याकडे होता, एकच, आणि तो गेरॅटी होता. हे आम्हाला प्रार्थनेच्या आधी पाठ करून घेतलेलं. मोठा संप झाला, सहा महिने चालला, सगळ्या मिल बंद, माणसं उपाशी, आणि थॉमस गेरॅटी पहाटे पाचला मिलच्या कोळशाच्या फाटकातून चोरून आत कामाला जायचा. मॅलकीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. संप मोडल्यावर पहिल्याच रविवारी, मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, सुटल्यावर, चर्चच्या पायऱ्यांवर मॅलकीनं सगळ्यांसमोर त्याच्याकडे बोट केलं आणि म्हणाला, मी तुला कोळशाच्या फाटकापाशी पाहिलं. आणि पाठ फिरवली. त्याच्यामागं सगळ्या पॅरिशनं, त्या चर्चच्या अख्ख्या वस्तीनं पाठ फिरवली. ही पद्धतच होती तेव्हा, संपफोड्याला मारायचं नाही, शिवी द्यायची नाही, नुसती पाठ दाखवायची, जन्मभर. बाकीच्यांनी वीस-तीस वर्षांत सोडून दिलं. आम्ही क्विल्टी लोक टिकाऊ. माझ्या बापानं मला बुटाची नाडी बांधायला आणि गेरॅटी दिसला की पाठ फिरवायला एकाच आठवड्यात शिकवलं. टाचेवर फिरायचं, घाई करायची नाही, जसं काही तुला दुसरीकडेच बघायचं होतं. तो स्वतः सुंदर फिरायचा. माझा काका डॅन इस्पितळात होता, शेजारच्या खाटेवर आला गेरॅटी, अपेंडिक्सचा. काका चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडला. कान सुजला त्याचा. अपेंडिक्सवाला चौथ्या दिवशी घरी गेला, काकाला कानासाठी आणखी ठेवून घेतलं.

आणि पाव. संपानंतर थॉमस गेरॅटीला कुठल्याच मिलमध्ये कुणी घेतलं नाही. आता तुझ्या डोक्यात प्रश्न आला का, की मिलच्या बाजूनं काम करणाऱ्याला मिलनंच का घेऊ नये? तुझ्या डोक्यात आला, तू शहाणा. आमच्यात चार पिढ्यांत एकाच्याही नाही. त्यानं मग बेकरी टाकली, आणि बाबा, काय बेकरी. सोड्याचा पाव, त्यात काळ्या मनुका, वर साखरेचा पातळ कडक पापुद्रा. मला कशी ठाऊक चव म्हणशील, ते येईल पुढे. वास तर फुकट होता, तो खाली मिलमागच्या तळ्यापर्यंत यायचा, आणि आम्ही सकाळी शाळेत जाताना श्वास धरून त्या दारावरून जायचो. माझा भाऊ एकदा श्वास धरून धरून चक्कर येऊन तिथंच पडला, आणि त्याला उचलायला बेकरीतून गेरॅटीच बाहेर आला. आईनं ते कळल्यावर भावाला आंघोळ घातली.

हे सगळं विनोदाचं वाटतं ना. मलाही वाटायचं, लहानपणी. पण सवय हाडात जाते. माझी बायको लुर्देस होती, पोर्तुगीज, गेली सहा वर्षांपूर्वी, ती म्हणायची तुम्हा लोकांना मान दिलीय देवानं, पण ती फक्त एकाच दिशेला फिरते. अकरा वर्षांपूर्वी डीलिया विधवा होऊन इथं परत आली, बापाच्या घरात, बरोबर माझ्यासमोर. दुसऱ्याच आठवड्यात मी बाजारात डबे शोधत होतो आणि ती ओळीच्या टोकाला वळली. मी काही ठरवलं नव्हतं. माझी टाच फिरली. पासष्ट-सहासष्ट वर्षांचा माणूस मी, आणि अंग आपलं आपण फिरून उभं. समोर मांजराच्या खाण्याचे डबे. ती तिथं काय शोधत होती देव जाणे, जायलाच तयार नाही, मागं तिच्या सामानाच्या गाडीचं चाक कुरकुरतंय, आणि मी सात मिनिटं मांजराच्या खाण्यावरचं सगळं वाचून काढलं. इतकं वाचल्यावर न घेता जाणं बरं दिसेना, सहा डबे घेतले. घरी मांजर नव्हतं. लुर्देसनं डबे बघितले, शनिवारी एक मांजर घेऊन आली. अजून आहे ते.

आता खरं दुखणं सांगतो, कारण खोकी कमी होत चाललीयत. माझी आजी आणि डीलियाची आजी, दोघी साळखात्यातल्या. आतमध्ये सहाशे माग एकदम चालायचे, कान फुटायचे, तिथं आवाज कुणाचा ऐकू येणार? तर बायका ओठांनी बोलायच्या. आवाज काढायचाच नाही, नुसता ओठांचा आकार, मोठा, स्पष्ट, भुवया वर करून, आणि समोरची वीस मागांपलीकडून वाचायची. मिलमधून निवृत्त झाल्या तरी ती ओठबोली गेली नाही. माझी आजी चर्चमध्ये या टोकाला बसून त्या टोकाच्या बाईला फादरच्या प्रवचनाबद्दल असं असं सांगायची की फादरला ओठ वाचता येत नव्हते म्हणून बरं. आम्ही पोरं ती शिकलो मांडीवर बसून. डीलियाही शिकली तिच्या घरी. आणि मी चौदा वर्षांचा असताना, एका रविवारी, चर्चमध्ये समोरच्या रांगेतून गेरॅटींची ही डीलिया मान वळवून माझ्याकडे बघून ओठांनी म्हणाली, तुझ्या कॉलरला जॅम लागलाय. मी बघितलं, लागला होता. मी ओठांनी म्हटलं, तुझ्याशी बोलायचं नाही मला. ती म्हणाली, बोलतोय कोण?

आमचा कायदा असा होता की गेरॅटींशी एक शब्द बोलायचा नाही. आणि आम्ही बोलत नव्हतो. पाच वर्षं आम्ही दोघं एक शब्दही न उच्चारता बोललो. चर्चमध्ये, बसच्या काचेतून, बर्फ पडत असताना रस्त्याच्या या बाजूनं त्या बाजूला. तिचा आवाज कसा आहे ते मला माहीतच नव्हतं, दुकानात कुणाशी तरी बोलताना एकदा ऐकला तेव्हा दचकलो, जाड होता, मी डोक्यात भलताच लावून ठेवला होता. तिनं मला हसवलंय इतकं, मिस्साच्या मध्यात, की बापानं पायावर पाय दिला. एकोणिसाव्या वर्षी, ईस्टरनंतरचा दुसरा रविवार होता. कम्युनियनला, म्हणजे प्रसाद घ्यायला जाताना गेरॅटी मंडळी मधल्या वाटेनं येत होती आणि आमची अख्खी रांग, बाप, काका, भाऊ, नेहमीसारखी टाचेवर फिरायला लागली. ती माझ्यापासून चार हातांवर होती. ओठांनी म्हणाली, शनिवारी चार वाजता, बसस्टँड, दोन तिकिटं काढलीत बॉस्टनची. सावकाश म्हणाली, प्रत्येक शब्द वेगळा. मी सगळं वाचलं. न कळल्याची सबब माझ्याकडे कधीच नव्हती. तिनं भुवया वर केल्या, म्हणजे कळलं का. आणि मी फिरलो. बाप फिरला, काका फिरला, त्यांच्याबरोबर मीपण, आणि माझ्यासमोर भिंतीवरचा संत, त्याच्या पायाच्या अंगठ्याचा रंग उडालेला, तो अंगठा मी आजही डोळे मिटून काढून दाखवीन. शनिवारी चार वाजता मी एका शाळेच्या तळघरात बॉयलरखाली उताणा पडलो होतो. शाळेला सुट्टी होती. बॉयलर बंद होता. त्याला काही झालेलं नव्हतं. मी नुसता पडून होतो, आणि वरती नळीतून एक थेंब, दर मिनिटाला एक, कपाळावर. बाजूला सरकायचंही सुचलं नाही. ती गेली बॉस्टनला एकटी, नर्स झाली. मी स्वतःला काय सांगितलं ठाऊक आहे? म्हटलं, रक्तच तसं, संपफोड्याची पणती, चोरवाटेनं जायची सवय. तेवढ्या एका वाक्यावर मी साठ वर्षं उभा राहिलोय, भाऊ, आणि ते वाक्य पितळेच्या पट्टीवर उलटं कोरलेलं निघालं.

पेल्तिएकडून मी थेट बहिणीकडे गेलो. रीटा माझ्याहून चार वर्षांनी मोठी, चर्चमधली फुलं तिच्याकडे असतात आणि शहरातल्या सगळ्यांची पापं पण. तिनं ऐकलं, चहा ढवळला, आणि म्हणाली घड्याळ जुन्या बाजारातून घेतलं असेल. मी म्हटलं, नाव कोरलंय. म्हणाली, दुसरा कुणी एम. क्विल्टी असेल. मी म्हटलं, मग त्याचं घड्याळ आपल्याकडे कसं? म्हणजे आपण चोर. त्यावर तिनं चहा परत ढवळला, चोर बरे की संपफोडे बरे याचा हिशेब लावत असावी. मग म्हणाली, लिओ, आपल्या आईचा सोड्याचा पाव आठवतो? आठवतो म्हणजे काय, सेंट पॅट्रिकच्या दिवशीचा तो पाव, काळ्या मनुका, वर पापुद्रा, आईच्या हातासारखा पाव अख्ख्या शहरात नाही हे माझा बाप पाहुण्यांना सांगायचा. रीटा म्हणाली,

“आईनं जन्मात कधी पाव केला नाही, गाढवा. मला कोपऱ्यावरच्या पोलिश बाईकडे पाठवायची, ती गेरॅटीकडून आणून ठेवायची, बेकरीचा कागद काढून.”

 साठ वर्षं झाली त्या पावाला आणि तोंडाला पाणी सुटलं, काय करू. म्हणजे आई आमच्या नाकाला श्वास धरायला लावायची आणि तोंडानं तोच पाव खायला घालायची. मी विचारलं, बापाला ठाऊक होतं? रीटा म्हणाली, बापाला चांगलं काय आणि स्वस्त काय ते ठाऊक असायचं, बाकी तो विचारत नसे. मग तिनं मला शपथ घातली की हे घड्याळाचं इथंच मिटवायचं. डीलिया जातेच आहे, अ‍ॅरिझोनात फाटक कुठलं आणि कोळसा कुठला. मी शपथ घेतली नाही. बिस्किट घेतलं.

दुसऱ्या दिवशी लायब्ररीत गेलो. लायब्ररीत मी आधी गेलेलो, पण तळघरात, वाफेच्या नळ्यांसाठी. वर गेल्यावर कळलं तिथं पुस्तकं असतात. तिथली बाई ग्रासा मेदेरोस, पोर्तुगीज, माझ्या लुर्देसच्या मावसबहिणीच्या नात्यातली, चष्मा डोक्यावर आणि दुसरा नाकावर. तिला म्हटलं, मला माझा पणजोबा निर्दोष सोडवून द्या. ती म्हणाली असे आठवड्याला दोन येतात. तिनं जुन्या वर्तमानपत्रांची ती यंत्रावरची फीत लावली, काळी पांढरी पानं सरकायला लागली, मला बोट लागल्यासारखं मळमळायला लागलं. मी सरकणाऱ्या अक्षरांना बघत तिला सगळी गोष्ट सांगितली, आम्ही सांगतो तशी, पाठ होतीच. संप, पहाटेचे पाच, कोळशाचं फाटक, थॉमस गेरॅटी चोरून आत जाताना, आणि माझ्या पणजोबानं त्याला डोळ्यांनी पाहिला. तिनं फीत थांबवली. नाकावरचा चष्मा काढून डोक्यावर, आता दोन्ही डोक्यावर. आणि अगदी सहज, जसं कुणी विचारावं की गाडी कुठं लावलीत, तशी म्हणाली,

“मिस्टर क्विल्टी, तुमचे पणजोबा पहाटे पाचला कोळशाच्या फाटकापाशी काय करत होते?”

तुला सांगतो, मला घड्याळ वाचून जे झालं नव्हतं ते तिथं झालं. शंभरावर वर्षं. मॅलकीनं सांगितलं, आजोबानं सांगितलं, बापानं, काकानं, कान सुजलेल्या काकानं पण, मी माझ्या पोरांना सांगितलं, जेवणाच्या टेबलावर, प्रेतासमोर, बाप्तिस्म्याला, आणि एकाही माणसाच्या, एकाही अर्धवट दारू प्यायलेल्या जावयाच्या तोंडून हा प्रश्न निघाला नाही. कोळशाचं फाटक आमच्या गल्लीतून जाता-येता लागत नाही, भाऊ. मिलच्या मागं होतं, तळ्याच्या बाजूला. चुकून कुणी तिथं पोचत नाही. मी हसायला लागलो. लायब्ररीत हसायचं नसतं म्हणून तोंड दाबलं तर नाकातून आवाज निघाला, मग डोळ्यांतून पाणी, आणि ग्रासाबाईनं कागदी रुमालांचं खोकं पुढं सरकवलं, ते तिच्या टेबलावर तयारच होतं, म्हणजे आठवड्याला दोन येतात हे खरं असणार.

मग तिनं शोधून दिलं. वर्तमानपत्रात दोन ठिकाणी, तेही मालकांच्या बाजूचं वर्तमानपत्र, आमच्यातलं कुणी ते हातात धरत नसे. एक, मिलनं दिलेलं जेवण, टर्की भाजलेली, वाजंत्री, एकोणीस इमानदार कामगारांना घड्याळं, त्यात सातवा मॅलकी. आणि त्याच्या दोन महिने आधीच्या पानावर खाली कोपऱ्यात, संपवाल्यांचा पहारेकरी थॉमस गेरॅटी याला मिलच्या खोलीतून बिऱ्हाडासकट बाहेर काढलं, शेगडी आणि पाळणा रस्त्यावर, कारण तो रोज पहाटे कोळशाच्या फाटकावर उभा राहून आत जाणाऱ्यांची नावं लिहून घेत असे. म्हणजे होता तो फाटकापाशी. दोघंही होते. एक जाणारा, एक बघणारा. आणि त्या रविवारी पायऱ्यांवर बघणारा तोंड उघडणार होता, जाणाऱ्यानं आधी उघडलं. एवढंच. साधं यंत्र आहे, एक झडप, दाबली की वाफ दुसरीकडून बाहेर. मी जन्मभर तेच दुरुस्त करत आलो.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी मी मॅलकीवर इतका चिडलो की त्याचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. मग मला वाटलं, बघ, परत तेच करतोयस. सरळ केला. त्याचे कान माझ्यासारखे आहेत, फादर म्हणतात दारासारखे. ग्रासाबाईनं जाताना सांगितलं होतं की पॅरिशच्या वहीत पण बघा, तेव्हा तिथं गेलो. दफनाच्या पानावर, संपाच्या विसाव्या आठवड्यात, नोरा क्विल्टी, वय सात महिने. पुढच्या ओळीत कुणीतरी लिहिलंय, दूध नाही. घरात आम्हाला कुणी कधी नोरा होती म्हणून सांगितलं नाही. घड्याळाचं सांगितलं, बटाट्याचं सांगितलं. मॅलकी त्याच्या पुढच्या सोमवारी आत गेला असणार.  मी वही मिटली, आणि फादरांना म्हटलं तुमच्या तळघरात नळी गळतेय, ऐकू येतंय मला, आणि खाली जाऊन दीड तास ती नळी आवळत बसलो. त्यानं आत जायला नको होतं असं मी म्हणणार नाही, माझं पोट भरलेलं आहे. पण पोराला पुरून आलेला माणूस सगळ्यांसमोर रडला असता तर त्याला कुणी पाठ दाखवली नसती बहुतेक. त्यानं बोट केलं. त्याची भूक मी समजू शकतो, ते बोट नाही समजत. आणि ते बोट पुढं सरकत सरकत माझ्या हाताला लागलं, एकोणिसाव्या वर्षी, चर्चमध्ये.

मग डीलियाच्या जाण्याचा दिवस ठरल्याची बातमी आली, आणि नऊ दिवस हे असं. पहिल्या दिवशी चिठ्ठी लिहिली. आदरणीय बाई, संपफोडे आम्ही होतो, आपला विश्वासू. वाचून बघितली तर भाडं वाढल्याची नोटीस वाटली, फाडली. मग पोस्टमनला म्हटलं, तू वर जातोस तेव्हा सांग. तो म्हणाला तिकीट लाव. फादरांना सांगितलं; ते म्हणाले, लिओ, हे कबुलीजबाबाच्या खोलीत सांगितलंस तर मला तोंड उघडता येत नाही, आणि बाहेर सांगितलंस तर माझं काम नाही. रीटाला म्हटलं तर तिनं मला परत ती शपथ काढून दाखवली, जी मी घेतलीच नव्हती. काल वाणसामान देणाऱ्या माणसाला पण गाठलं, त्याच्या टोपलीत कागद टाकणार होतो, तेवढ्यात लक्षात आलं की पोलिश बाईमार्फत पाव आणण्यासारखंच आहे हे, कागद काढून. आमच्या घरातलं सगळं असंच, मधल्या माणसाकडून.

आणि आज सकाळी ती खिडकीत आली होती. पडदे काढत होती. तिनं खाली बघितलं, मी इथंच बसलो होतो, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा माझी टाच फिरली नाही, कारण मी बसलेलो होतो, बसलेल्या माणसाला फिरता येत नाही, त्यात माझी काही बहादुरी नाही. म्हातारी झालीय. केस पांढरे, कापलेले. तिनं पडद्याची दोरी हातात तशीच धरली आणि बघत राहिली, बराच वेळ, माणूस गळकी नळी बघतो तसं, ही अजून किती टिकेल म्हणून. मग आत गेली. मला तिच्याकडून काही नकोय रे. क्षमाबिमा नको, ती तिच्या घरच्या चार पिढ्यांची आहे, ती एका पायरीवर देता येत नसेल. तिनं फक्त हे इथून जायच्या आधी ऐकावं की तिचा पणजोबा फाटकावर उभा होता तो पहाऱ्याला. आणि शनिवारचं मला कळलं होतं. ते दुसरं वाक्य. मी एक म्हटलं होतं, दोन आहेत.

ते बघ, गादी. जिन्यात अडकलीय, हे लोक उभी नेतायत, आडवी न्यायला हवी, पण बरंय, दोन मिनिटं मिळाली. आता ऐक. तू इथं नवा, तुझ्या घरच्यांनी या गल्लीत कुणाचं काही केलेलं नाही, तुझ्याकडे ती बघेल तेव्हा तिला फक्त तू दिसशील. म्हणून तू वर जाऊन सांग असं मी म्हणणार होतो, खरं सांगतो, तासभर मी तुला त्यासाठीच बसवून ठेवलंय. पण नको. तू काही सांगू नकोस. तू फक्त माझ्याबरोबर रस्ता ओलांड. मला पुढं चालू दे आणि तू अगदी मागं राहा, इतका जवळ की मी वळलो तर तुझ्या छातीवर आपटेन. वर दार उघडेपर्यंत हलू नकोस, मी काहीही सबब सांगितली तरी, नळी गळतेय म्हटलं तरी. दे हात, उठव मला.